मंजूर झालेला एकच अर्ज

"आजींना आणलंय का?" जजसाहेबांनी विचारलं.

"नाही साहेब."

"म्हणजे अर्ज असणार."

"हो साहेब."

मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं. मी तिकडं न बघता पुढं झाले आणि हातातला कागद क्लर्क भोईट्यांच्या टेबलावर ठेवला. प्रतिवादी क्रमांक एक, श्रीमती अनसूया हेंद्रे, खुब्याचं हाड मोडल्यामुळे कोर्टात हजर राहू शकत नाहीत, सबब मुदत मिळावी, ही विनंती. खाली माझी सही. प्रतिवादी क्रमांक दोन, शालन हेंद्रे, स्वतः.

हे 'स्वतः' लिहायची वेळ आमचे वकील वारल्यावर आली. त्यांच्या पत्नीनं आमची फाइल एका भाजीच्या पिशवीत घालून परत दिली. नवा वकील पहिल्याच भेटीत जे आकडे बोलला, ते ऐकून मी ती पिशवी उचलली आणि घरी आले. तेव्हापासून चष्म्याच्या दुकानातली नोकरी सांभाळून मी लघुवाद न्यायालयात अर्ज करत होते. मुदतीचा अर्ज, कागद दाखल करायचा अर्ज, कागद उशिरा दाखल केल्याबद्दल माफीचा अर्ज. प्रत्येक अर्जाच्या कोपऱ्यात साहेब एकच ओळ लिहायचे, वादीने म्हणणे द्यावे. वादीचे वकील घैसास म्हणणे द्यायचे की अर्ज खोटा आहे, वेळकाढूपणाचा आहे, खर्चासह फेटाळावा. मग पुढची तारीख, आणि त्या तारखेला अर्ज फेटाळला जायचा. त्यातल्या त्यात बरं एवढंच की तोवर काही आठवडे गेलेले असायचे आणि आम्ही मायलेकी आमच्याच दोन खोल्यांत असायचो.

दावा त्या दोन खोल्यांचाच होता. शुक्रवार पेठेत, खळदकरांच्या इमारतीत, पहिल्या मजल्यावर. वडिलांनी लग्न झालं त्या वर्षी भाड्यानं घेतलेल्या. म्हातारे खळदकर होते तोवर कुणी काही बोललं नाही. ते गेले आणि त्यांच्या मुलानं, उदयनं, दावा लावला. माझं कुटुंब वाढलंय, मला जागा हवी, हेंद्रे यांनी खोल्या सोडाव्यात. त्यात खोटं काही नव्हतं, त्याची मुलं खरंच मोठी झाली होती. पण कायदा मालकाची गरज बघतो तशी भाडेकरूचीही बघतो. जागा गेली तर हे लोक जाणार कुठं? दुसरी सोय असेल तर भाडेकरू उठतो, नसेल तर मालकाला थांबावं लागतं. आमचं सगळं या एका प्रश्नावर उभं होतं, आणि त्याचं उत्तर आईला शपथेवर द्यायचं होतं.

"साहेब," घैसास उठले, "आजी दर तारखेला येणार असतात आणि दर तारखेला अर्जच येतो. वादीनं किती थांबायचं?"

साहेबांनी चष्मा काढला. "बाई, तुमच्या आईंनी प्रतिज्ञापत्र दिलंय, पण त्यावर उलटतपास झाल्याशिवाय मला ते विचारात घेता येणार नाही. पुढच्या तारखेला त्या आल्या नाहीत, तर पुरावा बंद."

"साहेब, लाकडी जिना आहे. वॉकर घेऊन ती मोरीपर्यंत जाते, तेवढंच."

"ते मला कळतं. कोर्टाला कळून चालत नाही."

तेवढ्यात मला आठवलं. शेजारच्या कोर्टात एका अंथरुणाला खिळलेल्या शेटजींची साक्ष कोर्टानं वकील पाठवून त्यांच्या घरी घेतली होती. व्हरांड्यात दोन माणसं त्याबद्दल बोलत होती आणि मला दुसऱ्यांचं बोलणं ऐकायची वाईट खोड आहे.

"साहेब, दुपारपर्यंत वेळ द्या. मी दुसरा अर्ज देते."

"द्या. तुम्हाला अर्ज देण्यापासून कोण अडवणार?" साहेब म्हणाले आणि पुन्हा कुणीतरी हसलं.

व्हरांड्यातल्या टायपिस्टकडून कार्बन मागून घेतला आणि खिडकीच्या कट्ट्यावर उभ्या उभ्या अर्ज लिहिला. कोर्ट कमिशनर नेमून प्रतिवादी क्रमांक एकची साक्ष राहत्या घरी नोंदवावी. दुपारी तो दिला. साहेबांनी कोपऱ्यात नेहमीची ओळ लिहिली. घैसासांनी प्रत वाचली, नाक फेंदारलं आणि मागं उभ्या उदयला काहीतरी विचारलं. उदय वाकून म्हणाला, "जाऊ ना घरी. काकूंना कशाला त्रास?" मला ते स्पष्ट ऐकू आलं. घैसासांनी खांदे उडवले आणि लिहिलं, हरकत नाही.

घैसासांनी हरकत नाही म्हटलेला तो माझा पहिला अर्ज. माझ्या मनात पाल चुकचुकायला हवी होती, पण मी इतकी हरखले होते की पाल काय, मगर आली असती तरी दिसली नसती. साहेबांनी लिहिलं, अर्ज मंजूर. येताना मी गरम जिलबी घेऊन आले.

"घरी येणार?" आईनं जिलबीकडे बघितलंही नाही. "कोण कोण?"

"कोर्टानं नेमलेल्या एक वकीलबाई, घैसास आणि उदय."

"उदय घरी येणार?"

"त्याचाच दावा आहे, आई."

"किती वर्षांनी येतोय," ती म्हणाली. "शालन, ते पडदे धुवायला हवेत."

उदय आणि माझा दादा मनोहर शाळेत एका वर्गात होते. उदयची आई लवकर गेली. त्यामुळे दोघांच्या वह्यांना कव्हरं आमच्या घरी, आमच्या आईच्या हातानं घातली जायची. हे सगळं खरं असलं तरी दावा लागल्यापासून उदय आणि मी कोर्टात एकमेकांकडे पाठ करून उभे राहत होतो. आई मात्र कधी कोर्टात आलेलीच नव्हती. तिच्या लेखी तो अजून वह्या घेऊन येणारा उदय होता.

पडदे धुतले. शेजारच्या लीलाबाईंकडून कपबश्या आल्या. पोहे जाड की पातळ, शिऱ्यात बेदाणे की काजू, यावर आई विचार करत बसली, तेव्हा माझा पारा चढला.

"आई, ते साक्षीला येणार आहेत, साखरपुड्याला नाही."

"आल्यागेल्याला पाणी विचारायचं नाही का?"

"पाणी विचार. शिरा कशाला?"

तिनं माझ्याकडे असं बघितलं की मी बेदाणे आणायला गेले.

मग मी तिची तयारी करून घेतली. खुर्चीत तिला बसवलं आणि समोर मी घैसास झाले. घैसासांसारखं नाकातून बोलले तशी ती हसायला लागली.

"हसू नकोस. तुम्हाला मुलगा आहे?"

"आहे की. मनोहर."

"त्याचं घर कुठं आहे?"

"चिंचवडला."

"तिथं तुमची राहायची सोय होते का?"

आई पदराला लागलेलं पीठ झटकत राहिली.

"आई."

"जागा लहान आहे," ती म्हणाली. "त्यांच्याकडं पाहुणेरावळे असतात, नातवाचा अभ्यास असतो."

"पाहुणे नकोत. म्हण, जागा लहान आहे आणि तो मला ठेवून घेत नाही."

"जागा लहान आहे म्हटलं की झालं की. त्यांना कळेल."

"कोर्टाला कळत नसतं. तोंडानं बोललं तेवढंच लिहितात."

"असू दे. झाकली मूठ सव्वा लाखाची."

मी ताणलं नाही. प्रतिज्ञापत्रातही आम्ही तेवढंच लिहिलं होतं, जागा अपुरी असून तेथे माझी सोय होत नाही. तेवढं पुरेसं होतं. बाकीचं आम्हा दोघींना ठाऊक होतं. वास्तुशांतीला दादानं आम्हाला बोलावलं, दोन वेळा जेवू घातलं आणि संध्याकाळी रिक्षा करून दिली. त्यानंतर आई त्या घरी गेली नाही, कारण तिला कुणी ये म्हटलं नाही. ती पडली तेव्हा तो दवाखान्यात शहाळी घेऊन आला. जाताना व्हरांड्यात मला म्हणाला, "तुझ्याकडंच बरं पडेल तिला. सवय आहे." मी त्याला म्हटलं, निदान कोर्टात येऊन एवढं तरी सांग की तुझ्याकडं जागा होत नाही. तो म्हणाला, "मला त्यात ओढू नका, शालन. हिला आवडत नाही." ही म्हणजे वहिनी. हे मी आईला सांगितलं नव्हतं. तिनंही कधी विचारलं नव्हतं.

ठरलेल्या दिवशी सकाळी ते आले. पुढं कमिशनर, ॲडव्होकेट मृणाल शेटे. कोवळी पोर होती, नव्या कोऱ्या काळ्या कोटात घामेजलेली. तिच्यामागं जिना चढून धापा टाकणारे घैसास. शेवटी उदय, हातात मोसंब्यांची पिशवी. त्यानं बाहेरच चपला काढल्या, सरळ आत आला आणि वाकून आईच्या पाया पडला.

"कसं वाटतंय काकू?"

"ये बाळ. केस पांढरे झाले की रे तुझे!"

आईनं ठेवणीतलं निळं पातळ नेसलं होतं आणि कवळी बसवली होती. एरवी ती कवळी डबीतच असायची. मी बशा दिल्या. घैसास "अहो, कशाला, कशाला" म्हणत शिऱ्याला लागले. शेट्यांना खावं की नाही कळेना.

"आजी, मी कोर्टाच्या कामावर आहे."

"कोर्टाला भूक नसते का?" आई म्हणाली. "खा गं. सकाळची निघाली असशील."

सगळे हसले. मीही हसले. खोलीत वेलदोड्याचा वास होता, धुतलेले पडदे उन्हात हलत होते आणि क्षणभर मला वाटलं, हे इतकं काही अवघड नाही.

"मनोहर कसा आहे काकू?" उदयनं विचारलं. "कितीतरी वर्षांत गाठ नाही. मोठा ब्लॉक घेतला म्हणे त्यानं."

"हो तर!" आई म्हणाली. "तीन खोल्या, स्वयंपाकघर वेगळं. तिसरा मजला आहे, पण लिफ्ट आहे."

"वा! मग तुमची सोय झाली."

"झाली म्हणजे? माझ्यासाठी वेगळी खोली ठेवलीय त्यानं. देवघराला लागून. कॉटसुद्धा आणून ठेवलीय."

कॉटबद्दल मी पहिल्यांदाच ऐकत होते. मी आईकडे बघितलं. तिचा चेहरा उजळला होता. पाहुण्यांपुढं मुलाचं कौतुक करताना कुठल्याही आईचा उजळतो तसाच. मला कळायच्या आत ते बोलणं होऊन गेलं होतं. घैसासांनी शिरा अर्धा टाकून बशी खाली ठेवली.

"मॅडम, सुरू करू या," ते म्हणाले.

मी शेट्यांना म्हटलं, "मला आईशी दोन मिनिटं बोलायचंय."

"आता नाही हो ताई," घैसास म्हणाले. "साक्षीदार साक्षीला बसलेत."

शेट्यांनी माझ्याकडे बघितलं, मग घैसासांकडे. घैसासांचं वय जास्त होतं. "ताई, प्लीज," ती म्हणाली. "आणि साक्ष चालू असताना मध्ये बोलायचं नाही. खुणाही करायच्या नाहीत. नाहीतर मला तसं लिहावं लागेल."

आईला शपथ दिली. ईश्वराला स्मरून खरं सांगेन. आईनं हात जोडून, डोळे मिटून ती म्हटली.

घैसास घरात कोर्टातल्यासारखे नाकातून बोलले नाहीत. अगदी भाच्यानं मावशीला विचारावं तसं विचारत होते.

"आजी, मुलगा काय करतो?"

"कंपनीत साहेब आहे."

"हे खरं आहे ना, की त्याच्या मालकीचा तीन खोल्यांचा ब्लॉक आहे?"

"हो."

"तुमच्या प्रतिज्ञापत्रात लिहिलंय की ती जागा अपुरी आहे. हे तुम्ही लिहिलं?"

"हिनं लिहिलं. मी सही केली."

"मग खरं काय ते तुम्हीच सांगा. मुलाच्या घरी तुमच्यासाठी खोली आहे की नाही?"

मला ओरडावंसं वाटलं. नाही म्हण, आई. नुसतं नाही म्हण, बाकी काही सांगू नकोस. मी ओढणीला गाठ मारली, सोडली, परत मारली. आईनं माझ्याकडे बघितलंच नाही. तिनं उदयकडे बघितलं. तो गुडघ्यावर बशी ठेवून, मान वर करून, ती काय सांगते ते ऐकत होता.

"आहे," आई म्हणाली. "त्यानं स्वतः सांगितलंय, आई, ही खोली तुझी."

शेटे लिहीत होती. लिहिता लिहिता मोठ्यानं वाचत होती, कारण तशी पद्धत असते. "हे म्हणणे खरे आहे की, माझ्या मुलाने त्याच्या घरात माझ्यासाठी स्वतंत्र खोली ठेवलेली आहे. बरोबर, आजी?"

"बरोबर."

"माझे प्रश्न संपले," घैसास म्हणाले.

मग शेटे माझ्याकडे वळली. बिचारी फार सौजन्यानं बोलत होती. "ताई, फेरतपास घ्यायचाय? तुम्ही दोन-तीन प्रश्न विचारू शकता."

एवढा वेळ ज्यासाठी जीव तडफडत होता ते बोलणं माझ्या हातात आलं होतं. आणि आता विचारायचं काय? आई, तू खोटं बोलतेस ना? दादा तुला ठेवून घेत नाही ना? उदयसमोर, घैसासांसमोर, या पोरीसमोर? पण नाही विचारलं तर आम्ही रस्त्यावर होतो. मी घसा साफ केला.

"आई, दादाच्या घरी तू शेवटची कधी गेली होतीस?"

"वास्तुशांतीला."

शेट्यांचं पेन चाललं. घैसास जरा सावरून बसले. मला धीर आला.

"त्यानंतर त्यानं तुला तिथं राहायला बोलावलंय का?"

खाली गल्लीत चिवडावाला ओरडत गेला. मला वाटलं, आता ती म्हणेल. तिनं पदर सारखा केला आणि एकदम मायेनं माझ्याकडे बघितलं.

"नेहमीच बोलावतो," ती म्हणाली. "मीच जात नाही. हिचं लग्न राहिलं ना. हिला एकटीला टाकून कशी जाऊ?"

खोलीतली सगळी माणसं माझ्याकडे बघायला लागली. शेट्यांनी पेन थांबवून बघितलं, घैसासांनी बघितलं, उदयनं बघितलं आणि चटकन मान खाली घातली. माझे कान तापले. त्या वेळी माझं वय चाळिशीच्या पुढं गेलं होतं. त्या घरात ही गोष्ट कुणी कधी तोंडातून काढत नसे.

"अजून काही?" शेट्यांनी हळूच विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "फेरतपास संपला."

आईनं अंगठ्याला शाई लावू दिली नाही. तिनं नीट वळणदार सही केली आणि मग सगळ्यांना चहा घेतल्याशिवाय उठू दिलं नाही.

मी त्यांना जिन्यापर्यंत सोडायला गेले, म्हणजे आईनं मला पाठवलं. उदय मागं राहिला. चपला घालताना म्हणाला, "शालन, काकूंची एवढी चांगली सोय आहे हे मला खरंच माहीत नव्हतं. नाहीतर दावा लावायच्या आधी मी येऊन बोललो असतो. उगाच सगळ्यांचा जीव टांगणीला." एवढं बोलून तो उतरून गेला. तो मनापासून बोलला, की त्यानं सगळं ठरवून, मोसंब्यांसकट ठरवून केलं, हे मला आजतागायत कळलेलं नाही. कधी वाटतं, असा साधा माणूस शोधून सापडणार नाही. कधी त्याच्या नावानं बोटं मोडते.

आत आले तेव्हा आईनं कवळी काढून डबीत ठेवली होती.

"का बोललीस असं?"

"काय बोलले?"

"आई! कसली कॉट? कोणती खोली? घर जाईल आपलं, कळतंय का तुला? मी वर्षभर अर्ज करतेय. दुकानातून पगार कापून रजा घेतेय. एक शब्द बोलायचा होता तुला. एक!"

"ओरडू नकोस. लीलाबाई ऐकतील."

"ऐकू देत!"

"मग काय सांगायला हवं होतं?" आईचा आवाज पहिल्यांदा चढला. "पोटच्या पोरानं टाकलं म्हणून? आणि ते उदयच्या देखत? त्यानं ते चार ठिकाणी सांगायचं, आणि मनूनं उद्या या गल्लीत यायचं कुठल्या तोंडानं?"

"तो येतच नाही, आई."

"येईल ना कधीतरी."

मी बशा गोळा करायला लागले. मग म्हटलं, "आणि ती शपथ? देवाला स्मरून घेतलीस ती?"

"देवाला सगळं ठाऊक आहे," आई म्हणाली. "त्याच्यापासून काय लपलंय? लपवायचं असतं ते माणसांपासून."

मी भिंतीकडे तोंड करून पोट भरून रडले. तिनं मला रडू दिलं. माझ्या लग्नाचं जे बोलली त्याबद्दल ती काही म्हणाली नाही आणि मीही विचारलं नाही. त्या दिवशी तिला मुलाची अब्रू झाकायची होती, आणि तिच्या हाताशी पांघरूण म्हणून मीच होते.

मी आणखी एक अर्ज केला. साक्षीदाराला प्रश्न नीट समजले नाहीत, सबब फेरसाक्षीची परवानगी मिळावी. वादीने म्हणणे द्यावे. या खेपेला घैसासांनी दोन पानी म्हणणे दिलं. साहेबांनी ते वाचलं, आईची साक्ष वाचली आणि चष्मा काढला.

"बाई, त्यांना कोणता प्रश्न समजला नाही?"

मी हातातली साक्षीची प्रत उलटून बघितली.

"इथं तर दिसतंय की तुम्ही स्वतःच फेरतपासात पुन्हा विचारलंय. त्यांनी पुन्हा तेच उत्तर दिलंय. मग तुमची आई खोटं बोलली, असं तुमचं म्हणणं आहे का?"

कोर्टात त्या दिवशी कुणी हसत नव्हतं. मागं उदय उभा होता. मी तोंड उघडलं. हो, एवढाच शब्द होता. तो म्हटला असता तर साहेबांनी पुढं विचारलं असतं की मग खरं काय, आणि मला ते भरल्या कोर्टात सांगावं लागलं असतं. घरी मला बघून आईनं काय ते ओळखलं असतं.

"नाही साहेब," मी म्हटलं.

अर्ज फेटाळला. पुढं निकालही तसाच लागला. प्रतिवादीची अन्यत्र राहण्याची सोय असल्याचे तिच्याच साक्षीवरून दिसते. अपील करता आलं असतं. आई म्हणाली, "पुरे आता. सोन्यासारखी माणसं, कशाला भांडायचं?" आणि खरं सांगायचं तर माझ्यातही त्राण उरलं नव्हतं. मी फुरसुंगीच्या बाजूला एक खोली बघितली. पत्र्याची होती, नळ बाहेर चौघांत एक. आईला तिथलं सांगितलं तेव्हा तिनं एवढंच विचारलं की खोली तळमजल्यावर आहे ना. आहे म्हटल्यावर म्हणाली, मग बरं पडेल.

निघायच्या दिवशी सामान टेम्पोत चढलं. आईला खुर्चीत बसवून दोघा हमालांनी जिन्यावरून खाली उतरवलं. पडल्यापासून ती पहिल्यांदाच रस्त्यावर येत होती. गल्लीतल्या बायका जमल्या. लीलाबाई डोळ्यांना पदर लावत होत्या. उदय किल्ल्या घ्यायला आला आणि पुन्हा आईच्या पाया पडला.

"मनोहरला सांगा काकू, मी येतो एकदा भेटायला."

"ये की. सगळ्यांना घेऊन ये," आई म्हणाली. "लीलाबाई, तुम्हीही या बरं का. लिफ्ट आहे, चढायचं नाही काही."

मला वर बघवेना. मी टेम्पोच्या मागच्या दोरीची गाठ उगाचच तपासत राहिले. हमालांनी आईला ड्रायव्हरशेजारी बसवलं आणि तिच्या कडेला मी दाटीवाटीनं बसले. आईनं निळं पातळ नेसलं होतं आणि कवळी लावली होती.

"कुठं घ्यायचं, आजी?" ड्रायव्हरनं विचारलं. त्याला पत्ता मी आदल्या दिवशीच दिला होता, पण तो बदली माणूस होता.

"चिंचवडला," आई खणखणीत आवाजात म्हणाली. "मुलाकडं चाललोय. सावकाश घ्या."

बायकांनी हात हलवले. आईनंही हलवला. टेम्पो हळूहळू गल्लीतून बाहेर पडला. कोपऱ्यावरची पिठाची गिरणी मागं गेली, मग मारुतीचं देऊळ मागं गेलं. आई आरशात बघत होती. इमारत दिसेनाशी झाली तसा तिनं हलवता हात मांडीवर ठेवला आणि तोंडातली कवळी काढून पदरात गुंडाळली.

"शालन," ती म्हणाली, "आता सांग यांना, कुठं जायचंय ते."